गुडघाभर धरण

वाहतं पाणी बघून माणसाला तहान लागावी, फार तर कविता सुचावी. पण पाणी बघून ज्याला लूम आठवायचे असा माणूस त्रिभुवनात एकच, आणि तो नेमका आमच्या हिचा मामा निघाला. भिवंडीत मामांचे कापड विणणारे बारा पॉवरलूम होते आणि दिवस लोडशेडिंगचे. खटखट थांबली की मामा कारखान्याबाहेर येऊन सरकारला दोन शिव्या घालत नि वीज काढता येईल अशा पाण्याच्या शोधात निघत. अकलोलीच्या गरम कुंडात सगळं घर उतरलं, तर मामा सदऱ्यासकट काठावर उभे. "जावईबापू, यावर किती लूम चालतील?" मी 'चार' म्हणून टाकलं. मला धोतराच्या गाठीपलीकडचं कुठलंच यंत्र कळत नाही, पण जावयाने 'माहीत नाही' म्हणायचं नसतं. पुढे मामांनी सायकलच्या चाकाला पत्र्याची पाती ठोकली, डायनॅमो लावला आणि ते घरच्या नळाखाली धरलं. बल्ब पेटला, पिण्याचं पाणी संपलं. मामी म्हणाल्या, "आता रातच्याला त्यो बल्बच प्या."

इकडे भंगारवाला लूम बघून गेला होता. वीज मिळाली नाही तर ते विकावेच लागणार होते. अशात मामांना डोंगरात बारमाही ओढा सापडला, पण राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत. मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला दोनदा बसलेला (आणि दोन्हीदा बसलेलाच राहिलेला) माणूस. मी ठणकावलं, "मामा, बंदी धरणाला असते. गुडघाभर बांधाला धरण कोण म्हणतो?" एका रविवारी आम्ही रेतीच्या गोण्या रचल्या. माझी गोणी माझ्याच बुटात रिकामी झाली. ते बल्बचं चाक बसवतोय तोच जवळच्या पाड्यावरचा वनरक्षक येऊन उभा राहिला.

"किती उंचीला बंदी हाय?" मामांनी विचारलं.

"उंची न्हाय लिवली, शेठ. परवानगीबिगर हितलं पानी आडवायचं न्हाय, वळवायचं न्हाय, वाढवायचं बी न्हाय."

"आरं, वाढवता आलं आस्तं तर हितं कशाला आलो आस्तो? दे मंग परवानगी."

"ती वरनं येते. जनावरांचं भलं होनार आसंल तरच."

"नि माज्या लूमांचं?"

"लूम जनावरांत बसत न्हाईत, शेठ." मग तो जरा घुटमळला. "बल्ब पेटतो तरी का?"

मामांनी चाक पाण्यात सोडलं. भर उन्हात बल्ब पेटला. वनरक्षक उकिडवा बसून बघत राहिला. "आमच्या पाड्यावं आजून खांब न्हाय आला," एवढंच म्हणाला. मामांनी स्वतःच्या हाताने एकेक गोणी उचलायला सुरुवात केली. बल्ब लाल झाला, मग विझला.

परतताना मामा म्हणाले, "कायदा बरूबर हाय, जावईबापू. मी गुडघाभर बांधला आस्ता, उद्या दुसऱ्यानं छातीभर बांधला आस्ता."

दिवाळीच्या आधीच लूम भंगारात गेले. टेम्पो गल्लीतून वळला आणि नेमकी तेव्हाच वीज आली. रिकाम्या कारखान्यात साऱ्या ट्यूबलाइट लागल्या, पंखेही फिरू लागले. जमिनीवर लूमच्या पायांचे तेलकट डाग तेवढे राहिले होते. मामा त्यांच्यातून वाट काढत भिंतीपाशी गेले, एकेक बटण बंद केलं आणि म्हणाले, "चला, मामीनं चहा ठेवला आसंल."