न उघडलेला फुकट कन्सोल

माझी थोरली आणि माझा धाकटा, हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. आत्ताच लिहायचं कारण म्हणजे थोरलीने कॉलेजच्या अर्जासाठी लिहिलेला निबंध. तुमच्या आईने तो "बघ किती गोड लिहिलंय" म्हणून मला पाठवला. मी वाचला. त्यात एक आजी आहे. परदेशातून आलेली, भाबडी, यंत्राला बिचकणारी. एक बलाढ्य कंपनी तिला फसवते आणि ती डोळे पुसत गेम खेळायचा पांढरा कंट्रोलर उराशी धरून बसते. शेवटच्या परिच्छेदात तिच्याकडे बघून नातीला न्याय म्हणजे काय ते कळतं.

इंग्रजी निर्दोष आहे. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी आहेत. पण ती बाई मी नव्हे. मी न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात सव्वीस वर्षं पेशंटांच्या फाइली सांभाळल्या, त्यातल्या निम्म्याअधिक मी स्वतः कॉम्प्युटरवर चढवल्या. आणि कंट्रोलर उराशी धरण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तो खोक्यातून बाहेरच आला नव्हता.

तेव्हा प्रवेश समितीला काय सांगायचं ते सांग. घरात मात्र खरं काय झालं ते लिहून ठेवलेलं बरं. मराठीत लिहिते आहे, म्हणजे तुम्हाला सावकाश वाचावं लागेल. अडलं तर आईला विचारा. तिलाही अडेल, पण ती कबूल करणार नाही.

तुम्ही पूर्वी पार्सिपनीतच, आमच्यापासून बारा मिनिटांवर राहत होतात. मग तुमच्या बाबांना सांता क्लाराला नोकरी लागली आणि तुम्ही देशाच्या दुसऱ्या टोकाला गेलात. पहिल्या उन्हाळ्यात दोन आठवडे राहायला आलात. तिसऱ्या दिवशी दुपारी थोरली सोफ्यावरून उलटी लोंबकळत म्हणाली, "आजी, नो ऑफेन्स, पण तुमच्याकडे करायला काहीच नाहीये."

"पुस्तकं आहेत की दोन कपाटं भरून."

"एक्झॅक्टली," धाकटा म्हणाला. तो सात वर्षांचा होता. टोमणा मारायला वयाची अट नसते हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही विसरलात. मी विसरले नाही. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत मी हे बघितलं आहे. नातवंडं कंटाळली की आधी दोन आठवड्यांचा एक आठवडा होतो, मग लाँग वीकेंड, मग "पुढच्या वर्षी नक्की." शेवटी आजी-आजोबाच बॅगा भरून तिकडे जातात आणि मुलांच्या खोलीत हवेच्या गादीवर झोपतात. मला ते नको होतं. तुम्ही माझ्या घरी यायला हवं होतं. आणि यायचं तर इथे काहीतरी असायला हवं होतं.

अशा मनःस्थितीत पुढच्या वर्षीच्या शरद ऋतूत तुमच्या आजोबांनी कॉम्प्युटरसमोरून हाक मारली.

"अगं, ऐकलंस का? गेमिंग कन्सोल फुकट! टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र!"

"कशावर फुकट?" लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेल्यावर बायकोला हाच प्रश्न सुचतो.

"एक गेम आधी बुक करायचा. तो बाजारात आला की कन्सोल घरपोच."

"आणि गेम कधी येणार?"

"लवकरच. दोनदाच पुढे ढकललाय."

मी अटींचा कागद छापून घेतला आणि पेन्सिल घेऊन बसले. नागपुरात मला नन्सनी इंग्रजी शिकवलं. त्यांचा एकच नियम होता, वाक्य संपेपर्यंत मत बनवायचं नाही. चौथ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की विकत घेतलेला गेम आपल्या मालकीचा होत नाही, तो आपल्याला फक्त वापरू दिला जातो, आणि ही सगळी सेवा कंपनी वाटेल तेव्हा बंद करू शकते. मी त्या वाक्याखाली दुहेरी रेघ मारली. आणि पान उलटलं. फाइलवर पेशंटची अ‍ॅलर्जी लाल शाईने लिहायची आणि वॉर्डात जाऊन तेच औषध द्यायचं, असं करणाऱ्या डॉक्टरांची मी सव्वीस वर्षं खरडपट्टी काढली होती.

सहाव्या पानावर असंही होतं की गेम सतरा वर्षांवरच्या लोकांसाठी आहे.

"अहो, मुलं बारा आणि आठ वर्षांची आहेत."

"आपल्याला गेम कुठे हवाय? आपल्याला कन्सोल हवाय. त्यांचे मोटारींच्या शर्यतींचे वगैरे गेम नंतर घेऊ."

थोडक्यात, जो गेम अजून तयार झाला नव्हता आणि झाला तरी आम्हाला नको होता, त्याचे पैसे आम्ही भरणार होतो. तरी एकदा खात्री करावी म्हणून तुमच्या बाबांना फोन लावला. तुमचे बाबा समजावून सांगायला लागले की वाक्याची सुरुवात नेहमी एकाच शब्दाने करतात.

"ऍक्च्युअली आई, कन्सोल असं काही नसतंच यात. सगळं क्लाउडमध्ये रन होतं. तुमच्या टीव्हीला फक्त एक छोटी स्टिक लावायची."

"मग फुकट देतात ते काय?"

"ती स्टिक. आणि कंट्रोलर."

"आणि यंत्र?"

"ते त्यांच्याकडेच राहतं. दॅट्स द ब्यूटी ऑफ इट."

"म्हणजे म्हैस त्यांच्या गोठ्यात आणि आपल्याला चरवी फुकट," आजोबा शेजारून म्हणाले. म्हणाले आणि बटण दाबलं. चरवीच्या मोहातून अजून कोणी सुटलेलं नाही.

गेम आणखी एकदा पुढे ढकलला गेला आणि मग एकदाचा आला. आल्यावर तो धड चालत नाही म्हणून जगभर आरडाओरडा झाला. आम्ही तो बघितलाही नाही. आमच्या ईमेलवर एक कोड आला, आजोबांनी तो तीनदा तपासून भरला, आणि आठवड्याभरात दारात खोकं आलं. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, लाडवांच्या डब्याएवढं. आजोबा कात्री घेऊनच उभे होते.

"उघडू नका," मी म्हटलं.

"अगं, चालतं की नाही ते तरी बघू."

"नवं आहे ते. मुलं येतील तेव्हा मुलं उघडतील."

आपल्याकडे नवी वस्तू आली की ती वापरायची नसते हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही, म्हणून सांगते. तिला हळदकुंकू लावायचं, देवापुढे ठेवायची, आणि मग चांगल्या प्रसंगाची वाट बघत आत ठेवून द्यायची. माझ्या आईकडे अशा साड्या होत्या, ज्यांच्या घड्या तिने कधी मोडल्या नाहीत. माझं शिक्षण इंग्रजी, राहणं अमेरिकेत, आणि तरी मी त्या खोक्यावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि ते पाहुण्यांच्या खोलीतल्या क्लॉझेटमध्ये, वरच्या फळीवर, स्वच्छ पंचात गुंडाळून ठेवलं.

ते कोविडचं वर्ष, कोणीच कुठे जात-येत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात धाकट्याचा पोहण्याचा कॅम्प निघाला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही सगळे एका लग्नासाठी भारतात गेलात. दर वेळी मी खोकं खाली काढायची, पंचा बदलायची आणि पुन्हा वर ठेवायची. आजोबा म्हणायचे, "एकदा लावून बघूया ना, आपण दोघंच खेळू." मी म्हणायची, "आपण खेळलो तर ते जुनं होईल."

मग कंपनीचा ईमेल आला. भाषा फार सुसंस्कृत होती. आपल्या साथीबद्दल मनापासून आभार, आणि येत्या जानेवारीत सेवा बंद. गेमचे पैसे परत मिळणार होते. स्टिक आणि कंट्रोलर ठेवून घ्या, असंही लिहिलं होतं. म्हणजे ती वस्तू खऱ्या अर्थाने फुकट झाली ती मेल्यावर. आजोबांना रागवायचं होतं, पण पैसे परत देणाऱ्यावर कसं रागवायचं ते त्यांना कळेना. ते दिवसभर नुसतेच घरात येरझाऱ्या घालत राहिले.

मी तुमच्या आईला फोन केला. "ख्रिसमसच्या सुट्टीत मुलांना पाठवतेस का? जानेवारीच्या आत खेळून होईल."

"आई, एका गेमसाठी? त्या दिवसांत तिकिटं बघितलीस का तू?" मग ती हळू आवाजात म्हणाली, "तसंही त्यांच्याकडे दुसरा कन्सोल आहे गं. दोन वर्षं झाली. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

बघा, फसवणूक म्हणायची तर ती इथे झाली, आणि ती घरच्या माणसांनी केली. कंपनीने निदान चौथ्या पानावर लिहून तरी ठेवलं होतं.

तुम्ही आलात ते त्यानंतरच्या जूनमध्ये. मी खोकं काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि जे झालं ते सरळ सांगून टाकलं. थोरलीने ते इतक्या हलक्या हाताने उघडलं, जणू आत कोणी झोपलेलं आहे. कंट्रोलर सुरू केला तर एक दिवा लुकलुकत राहिला. बाकी काही नाही. मी मान खाली घालून "आता पत्ते खेळूया" म्हणणार, तेवढ्यात थोरलीला खोक्याखाली माझी फाइल दिसली. ऑर्डरची पावती, कोडचा ईमेल, अटी, सगळं तारखेप्रमाणे लावलेलं.

"आजी, तू हे अंडरलाइन केलंस? आधीच?"

"दुहेरी रेघ आहे. नीट बघ."

"ओ माय गॉड. धिस इज एव्हिडन्स!"

आणि त्या दुपारी आपल्या दिवाणखान्यात खटला उभा राहिला. थोरली सरकारी वकील. धाकटा कंपनी, कारण त्याला वाईट माणूस व्हायचं होतं. आजोबा न्यायाधीश, आंघोळीचा टॉवेल खांद्यावर घेऊन.

"एक्झिबिट ए," थोरलीने खोकं उचललं. "यावर रक्ताचा डाग आहे."

"कुंकू आहे गं ते."

"साक्षीदाराने विचारल्याशिवाय बोलू नये," न्यायाधीश म्हणाले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना हे वाक्य म्हणायला मिळालं होतं. त्यांनी ते पुढच्या तासाभरात पाचदा वापरलं.

धाकटा उठला. "माय लॉर्ड, आम्ही आजीला दोन वर्षं दिली. तिने बॉक्स उघडलाच नाही. आमची चूक काय?"

कंपनीकडे खरे वकील असतील, पण यापेक्षा चांगलं काही त्यांना सुचलं नसतं.

मग थोरली माझ्यासमोर आली. "आजी, आता खरं सांगायचं. का नाही उघडलास?"

मी म्हटलं, नवं होतं म्हणून. ती म्हणाली, ते उत्तर नाही. मी म्हटलं, तुमच्यासाठी ठेवलं होतं. ती म्हणाली, आम्ही नव्हतो तेव्हा उघडून आम्ही आल्यावर परत खेळता आलं असतं, ते क्लाउडमध्ये असतं, ते जुनं होत नाही. शेवटी मला सांगावंच लागलं. "न उघडलेलं काहीतरी घरात असलं, की तुम्ही कधीतरी ते उघडायला याल असं वाटायचं."

आजोबा टॉवेलचं टोक चाचपत बसले. मग धाकटा अगदी निर्विकारपणे म्हणाला, "पण आजी, तिकिटं मम्मी काढते. आम्हाला कुणी विचारतच नाही."

मी इतकी हसले की मला पाणी प्यावं लागलं. अडीच वर्षं मी ज्यांना लाच द्यायला बसले होते, त्यांच्या हातात काही नव्हतंच.

निकाल असा लागला. कंपनी दोषी, कारण वकील थोरली होती. आजी दोषी, कारण तिने वस्तू डांबून ठेवली. कंपनीला शिक्षा सोफ्याखाली झोपायची. मला शिक्षा अशी, की क्लॉझेटमध्ये अजून जे जे न उघडलेलं आहे ते त्याच दिवशी उघडायचं. तुम्ही एक टोस्टर काढलात, दोन टेबलक्लॉथ, टाचण्यांसकट बेडशीटं, आणि तुमच्या आईच्या लग्नात आलेला बारा जणांचा डिनर सेट. रात्री पिठलं-भात आपण त्या चिनी मातीच्या बश्यांत जेवलो. एक बशी धाकट्याने फोडली, एक मी.

यातलं काही तुझ्या निबंधात नाही, थोरले. तिथे आजी रडते. इथे ती खटला हरली. समितीला कुठली आजी जास्त आवडेल ते मला कळतं, तेव्हा तुझी तूच ठेव. पण मी आजोबांबद्दल एक दुरुस्ती करते. तू लिहिलं आहेस की त्यांनी ती स्टिक रागाने फेकून दिली. गेम बंद झाले तरी तिच्यातून टीव्हीवर व्हिडिओ दिसतात, म्हणून ते रोज सकाळी तिच्यावर मराठी बातम्या बघतात आणि रोज सांगतात की ही फुकट मिळाली.

त्यानंतर मी तुमच्यासाठी काही विकत घेऊन ठेवलेलं नाही. तरीही दर जूनमध्ये तुम्ही आलात. यंदा थोरलीला उन्हाळ्याची नोकरी आहे, ती चारच दिवस येणार आहे. धाकटा दहा दिवस राहणार आहे, आणि तिकिटाची तारीख या वेळी त्याने स्वतः सांगितली.