तुळशीभोवतीचा चौकोन

१९८९ साली कुंभकोणच्या आमच्या आळीत बातमी पसरली की पंकजाबाई पोरांवर करणी करते. लाकडाचे तुकडे जमिनीवर मांडते आणि पोर त्यांच्या हुकमाने चालायला लागतं! तुकडे होते, पोरंही चालत होती. करणी तेवढी नव्हती. आळीतल्या बातमीत एवढं खरं निघालं म्हणजे पुष्कळच.

पंकजाबाई तिसरीच्या टीचर. शाळेत दोन वर्षांपूर्वी एक कॉम्प्युटर आला होता. त्याला गंधकुंकू लावून मखमलीखाली झाकून ठेवलेलं. त्या खोलीत चपला बंद आणि लहान मुलंही बंद. शनिवारी तासभर तो माझ्या वर्गाला द्या, असा बाईंचा धोशा. सेक्रेटरी राधाकृष्णराव म्हणायचे, "तिसरीच्या पोरांना त्यातलं काय कळतंय?"

म्हणून बाईंनी सुंदरपेरुमाळ कोयिल गावच्या सुताराकडून एकमेकांच्या खाचेत बसणारे ठोकळे करून घेतले. एकावर 'दहा पावलं पुढे', दुसऱ्यावर 'डावीकडे वळ', तिसऱ्यावर 'उजवीकडे वळ'. एक थोरला, पोट असलेला, 'चार वेळा'. त्याच्या पोटात बसवाल ते चारदा करायचं. मुलांनी ठोकळे जोडायचे आणि एकीने मशीन होऊन खडू बांधलेल्या काठीने रेघ ओढत चालायचं. मशीनने डोकं चालवायचं नाही, हा कडक नियम. वर्गातली अलमेलु मशीन फार झकास व्हायची. बाईंच्या घराच्या गच्चीवर पोरांनी असे चौकोन काढले की फूटपट्टीने मान खाली घालावी.

शेवटी एका रविवारी सकाळी राधाकृष्णराव "बघू तरी" म्हणत बाईंच्या घरी आले. पटलं तर खोलीची किल्ली, नाहीतर विषय कायमचा बंद. आणि नेमक्या त्याच सकाळी बाईंच्या सासूबाईंनी, लक्ष्मीदेवींनी, गच्चीभर तांदळाचे वडाम, पापड्यांसारखे, वाळत घातलेले!

"आत्याबाई, आजच?"

"ऊन आज आहे गं. तुझा सेक्रेटरी उद्याही असेल."

वरात मागच्या अंगणात आली. राव कोपऱ्यात खुर्ची टाकून कॉफी घेत बसले. मुलांनी 'चार वेळा'च्या पोटात 'दहा पावलं' आणि 'डावीकडे वळ' बसवले. अलमेलु दहा पावलं चालली, वळली आणि खांबासारखी उभी राहिली. गच्चीवर चौकोनाच्या मध्ये काही नसायचं. इथे तुळस होती, आणि ती डाव्या हाताला आली होती.

"चल की गं!"

"नाही टीचर. उलटी प्रदक्षिणा होते."

"तू मशीन आहेस. मशीनला पाप लागत नाही."

"मशीनला नाही, मला लागेल!"

"पोर बरोबर बोलते," गच्चीवरून लक्ष्मीदेवींनी निकाल दिला. राव मिशीत हसले. बाईंना किल्ली कावेरीत बुडताना दिसली. उत्तर सांगायला जीभ शिवशिवत होती. पण आपणच सांगितलं तर मुलांना काय येतं ते दिसणार कसं?

मुलांतल्या सुंदरने घाईघाईने पोटातला 'डावीकडे' उपसून 'उजवीकडे' बसवला. अलमेलु पुन्हा पहिल्या जागेवरून निघाली, दहा पावलं गेली, उजवीकडे वळली, आणि तुळस सोडून थेट रावांच्या खुर्चीवर आदळली. कॉफी धोतरावर!

"अगं, दिसत नाही का तुला?" राव ओरडले.

"मशीनने विचार करायचा नाही," अलमेलु शांतपणे म्हणाली.

तेवढ्यात मुलांतली भवानी उठली, निघायच्या जागी जाऊन हात पसरून उभी राहिली, जागच्या जागी गिरकी घेतली आणि ओरडली, "आधी एकदाच डावीकडे वळायचं! मग तुळस उजवीकडे येते!" तिने एक 'डावीकडे' थोरल्या ठोकळ्याच्या पोटात न घालता त्याच्या आधी जोडला. आता अलमेलु डावीकडे वळून निघाली, दर दहा पावलांनी उजवीकडे वळत गेली आणि तुळशीला सुलट फेरी घालून जागेवर परत आली. चौकोन पुरा. गच्चीवरून लक्ष्मीदेवींनी हात जोडले.

राव धोतर झटकत ठोकळ्यांपाशी आले. मग कनवटीची किल्ली काढून म्हणाले, "या शनिवारी. पण पोरांनी हात लावायचा नाही हं, नुसतं बघायचं."

बाईंनी आधी किल्ली मुठीत घेतली आणि मग म्हणाल्या, "दोन वर्षं तुम्ही सगळे नुसतं बघताय, राव. त्या कॉम्प्युटरने अजून एकही चौकोन काढलेला नाही."