सुनेचं जाकीट

मेट्रनबाई निवृत्त झाल्या त्या फक्त इस्पितळापुरत्या. घरातली ड्यूटी चालूच होती. सून त्यांना आई म्हणायची, बाकी अख्ख्या गल्लीला त्या मेट्रनबाईच. जन्मभर त्यांनी लोकांच्या नाड्या पाहिल्या, पण स्वतःचं मनगट घड्याळाच्या पट्ट्याखेरीज कुणाच्या हाती लागू दिलं नाही. माया करण्याची त्यांची रीत ठरलेली: कपाळाला उलटा हात लावायचा, आणि ताप नसेल तर रागवायचं.

मुलगा याच औषधावर वाढला आणि बोटीवर इंजिनिअर झाला. कुठल्याशा बंदरातून त्याने जाकिटांची जोडी घेतली, एक स्वतःला आणि एक बायकोला. अस्तरात बारीक तारा. तिकडे त्याने स्वतःच्या बाहीवरून हात फिरवला की इकडे बायकोच्या दंडाला तो कळायचा. खालच्या काठात दोन बटणं शिवलेली होती. डावं दाबलं की समोरच्याच्या काळजाचे ठोके आपल्या छातीवर वाजायचे, उजवं दाबलं की आपलेच आपल्याला.

"म्हणजे आता मायेलाही चार्जिंग लागायचं," मेट्रनबाई म्हणाल्या.

"तुमची तरी फुल चार्ज कुठे असते, आई?" सून म्हणाली. ती तोंडाने कमी नव्हती, म्हणूनच दोघींचं बरं चाललं होतं.

त्या जाकिटाला सासूने हात लावायचा नाही, हे न बोलता ठरलेलं होतं. नवराबायकोची गोष्ट.

एका रविवारी सकाळी सून भाजी आणायला गेली आणि जाकीट खुर्चीच्या पाठीवर राहिलं. मेट्रनबाईंना थंडी वाजत होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. शाल मांडीवरच होती, हे सांगायचं राहिलं. त्यांनी जाकीट घातलं, तेही उलटं करून. चांगला कपडा घरात उलटा घालायचा म्हणजे वरची बाजू मळत नाही, ही त्यांची जुनी शिस्त. मुलाचं सगळं बालपण उलट्या स्वेटरात गेलं होतं. मग त्यांनी डाव्या हाताचं बटण दाबलं.

ठोके आले. त्यांनी डोळे मिटले. ज्या मुलाला कॉलेजात गेल्यापासून जवळ घेतलं नव्हतं, तो थेट छातीशी येऊन वाजत होता. आईपण जेमतेम अर्धं मिनिट टिकलं. मग मेट्रन जागी झाली. मध्येच एक ठोका गळत होता. थोडं नीट चाले, पुन्हा गळे. असे पेशंट त्यांनी वॉर्डात पाहिले होते, आणि त्यातल्या काहींच्या खाटा लवकर रिकाम्या झालेल्याही.

बोलावं तर चोरी उघडी पडते. न बोलावं तर मुलगा हातचा जातो. सून दारात आली तेव्हा त्या जाकिटासकट समोर उभ्या होत्या.

"त्याला फोन लाव."

"आई, ते माझं..."

"तुझंच आहे. चोरून घातलंय. लाव आधी!"

फोन स्पीकरवर लागला. "तुझी नाडी अडखळतेय," मेट्रनबाईंनी फर्मावलं. "आजच्या आज डॉक्टरला दाखव. मला कसं कळलं ते विचारू नकोस, बायकोचं जाकीट घातलंय. हसायचं ते नंतर हस."

तो हसला नाही. "अगं आई, माझं जाकीट चार दिवस कपाटात पडलंय. चार्जर बिघडलाय."

सुनेने फोनकडे पाहिलं, मग सासूकडे, मग बाहेर आलेल्या शिवणीकडे.

"आई, उलटं घातलंयत. डावं ते उजवं झालंय."

आयुष्यभर मेट्रनबाईंनी वाईट बातम्या उभ्याने दिल्या होत्या. ही ऐकून मात्र त्या बसल्या.

"वयात होतं असं," त्या म्हणाल्या.

"हो का? लेकाचं असलं की आजच्या आज, आणि तुमचं असलं की वयात होतं?"

फोनमधून आवाज आला, "आई, आता मी रागवू का?"

"मनगट द्या इकडे," सून म्हणाली. मेट्रनबाईंनी जरा वेळ लावून घड्याळ उतरवलं. सुनेने अंगठा टेकवला.

"अंगठा नको, त्यात तुझीच नाडी लागेल. आज ही चूक घरात एकदा झाली, तेवढी पुरे. तीन बोटं ठेव."

सुनेने तीन बोटं ठेवली. दुसऱ्या हाताने गाडी बोलावली. मनगट सोडलं नाही. मेट्रनबाई दोनदा "सोड आता" म्हणाल्या, पण हात काही त्यांनी ओढून घेतला नाही.

निघताना त्यांनी जाकीट काढून सरळ केलं. सुनेने हात पुढे केला, तोवर त्यांनी ते पुन्हा उलटं करून घातलंसुद्धा. इस्पितळातल्या खुर्च्या फार मळक्या असतात, म्हणाल्या.