घराची बाजू वर

"जोडलेलं आहे, सोनवणे. परत द्या," शेठ माझ्या कानाशी पुटपुटले.

समोर गादीवर आष्टीच्या द्वारकाबाई बसल्या होत्या. गावातल्या सुईणबाई, साठी ओलांडलेल्या. शेजारी त्यांची नात सुजाता, नुकतीच मॅट्रिक झालेली. दोघी परतूरहून सकाळच्या पॅसेंजरनं जालन्याला आल्या होत्या. सुजाताला औरंगाबादला नर्सिंगला ॲडमिशन मिळाली होती. शनिवारपर्यंत फी आणि हॉस्टेलचे पैसे भरले नाहीत तर ती जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. घरात विकण्याजोगी एकच वस्तू होती, आणि ती आता माझ्या हातात होती. निजामाच्या काळातला एक हाली रुपया.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी जुन्या जालन्यात एका सराफाच्या पेढीवर नोकरीला होतो. कुणी जुनं नाणं आणलं की शेठ मला हाक मारायचे, कारण नाण्यांचं वेड मला होतं आणि त्यांना नव्हतं. हाली रुपया म्हणजे हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा रुपया. एका बाजूला चारमिनार आणि हिजरी साल, दुसऱ्या बाजूला फारसी मजकूर. आमच्या भागात त्याचं कौतुक कुणाला नव्हतं. चांदीच्या भावानं घ्यायचा आणि मुशीत टाकायचा. पण काही सालांचे रुपये टाकसाळीतून कमीच निघाले. त्यातलं एक साल या रुपयावर होतं. असा रुपया मी त्याआधी फक्त एकदा पाहिला होता.

साल दुर्मीळ असलं तरी भाव ठरतो ग्रेडवर. ग्रेड म्हणजे नाणं किती झिजलंय याचं माप. अक्षरांचा उठाव, किनार, बारीक नक्षी यातलं काय काय शिल्लक आहे ते बघायचं. इथेच घोडं अडलं. चारमिनारची बाजू इतकी स्वच्छ की दरवाजातलं बारकं अक्षरसुद्धा वाचता येत होतं. उलटं केलं तर मागं काहीच नाही. पाटीसारखं सपाट. वापरातलं नाणं दोन्ही बाजूंनी सारखं झिजतं. एकच बाजू झिजली असेल तर बनावटीचा संशय येतो. दोन नाणी अर्धी घासून, एकाची चांगली बाजू दुसऱ्या झिजलेल्या नाण्याच्या पाठीला चिकटवून विकणारे महाभाग आम्ही पाहिले होते.

माझंही डोकं तिकडेच गेलं. जरा कडकच आवाजात मी विचारलं, "मावशी, हा कुठून आणला? कुणी दिला तुम्हाला?"

द्वारकाबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि हात पुढे केला.

"द्या इकडं. चोरीचा न्हाई तो. माह्या सासूचा हाय."

"आजी, थांब ना गं," सुजाता म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

मला माझीच लाज वाटली. रुपया परत न देता मी तो काळ्या फरशीवर टाकला. जोडलेलं नाणं बद्द वाजतं. हा खणखणीत वाजला. भिंगाखाली किनार फिरवली, सांधा कुठेच नव्हता. वजन थोडं कमी भरलं, पण ते झिजेचं. नाणं अस्सल होतं. मग मागची बाजू गेली कुठे?

"मावशी, चुकलो. पण एक सांगा, याचं तुम्ही करायच्या काय?"

"काय म्हंजे? लेकराची बेंबी फुगली की तिच्यावर ठिवायचा अन् फडक्यानं बांधायचा. बेंबी बसली की सोडायचा, राखंनं घासायचा, अन् मंग दुसऱ्या घरी."

"दोन्ही बाजूंनी घासायच्या?"

"न्हाई बा! पोटाकडचीच बाजू. वरच्या अंगाला घर हाय न्हाई का," असं म्हणत त्यांनी चारमिनारावर बोट ठेवलं. "लेकरू घराखाली निजतं. घराला राख लावती का कोनी? ते निसतं पदरानं पुसायचं."

"किती लेकरं झाली असतील?"

"लेकरं मोजू न्हाईत. हिच्याबी पोटावर बांधल्ता, लई रडायची," म्हणत त्यांनी नातीच्या पाठीवर हात ठेवला.

मी सपाट बाजूवरून अंगठा फिरवला. बाईंना चारमिनार माहीत नव्हता, हिजरी साल वाचता येत नव्हतं. पण घराला राख लावायची नाही एवढ्या एका समजुतीनं त्यांनी नेमकी मोलाची बाजू सांभाळली होती.

शेठ आत बोलावून म्हणाले, "अस्सल असू दे. मागं बिलकुल सपाट. चांदीच्या भावानं घ्या."

मी मुद्दाम बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "शेठ, या सालाचा रुपया मी दुसऱ्यांदा बघतोय. औरंगाबादचे आपले नाणी जमवणारे वकीलसाहेब याच्यासाठी उड्या मारतील."

"पगार कोन देतो तुम्हाला, मी का त्या बाई?"

"तुम्हीच. म्हणूनच तुमच्या पेढीवरून खोटी ग्रेड जाऊ देत नाही."

शेठ फणफणले, पण माणूस वाईट नव्हता. शेवटी भाव अर्धा धरायचा असं ठरलं. पण अर्धा कशाचा, तर संग्राहक देतात त्या भावाचा. चांदीपेक्षा तो कितीतरी जास्त होता. फी, हॉस्टेल आणि दोन पांढऱ्या साड्या त्यात बसल्या. निघताना द्वारकाबाईंनी रुपया एकदा मागून घेतला, पदरानं पुसला आणि घराची बाजू वर करून माझ्या तळहातावर ठेवला.

वकीलसाहेबांनी विचारलंच, "मागं काय झालंय याला?" मी म्हणालो, "बाळं निजलीत." त्यांनी भाव पाडला नाही.

चार-पाच वर्षांनी सुजाता पेढीवर आली. पांढरी साडी, हातात पेढ्यांचा पुडा. आष्टीजवळच्याच दवाखान्यात तिची नेमणूक झाली होती.

"आजी काय म्हणते?"

"माझ्याशी बोलत न्हाई दोन दिवसांपासून," ती हसली. "म्या समद्या बायांना सांगितलं, बेंबीवर रुपया बांधू नका, पू होतो. ती आपसूक बसती."

म्हणजे त्या रुपयानं पोरीला शिकवलं आणि पोरीनं पहिली त्याचीच नोकरी घालवली. माझ्या हातून गेलेल्या नाण्यांत एवढं मोठं काम दुसऱ्या कुठल्याच नाण्यानं केलं नसेल.

मीही तेव्हापासून एक सवय लावून घेतली. एका बाजूनं सपाट झालेलं नाणं आलं की आधी समोरच्याला पाणी द्यायचं, त्याचं ऐकून घ्यायचं, आणि भिंग त्यानंतर काढायचं.