दारापासून खुर्चीपर्यंत

दवाखान्याच्या दारात माणूस वीस वर्षं उभा राहिला, की किस्से कपड्यांना धुळीसारखे चिकटतात. झटकले तरी थोडे शिवणीत राहतातच. माझेही तसेच. बहुतेक हसण्यासारखे आहेत. एक तेवढा टोचतो.

माझं गाव रत्नागिरीकडचं, शाळा दुसरीपर्यंत, वाचणं तेव्हाच सुटलं. आखातात मुहर्रक शहरात मी एका जर्मन डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये अटेंडंट होतो. मेंदूचे आणि नसांचे डॉक्टर. तिथे असला दवाखाना पहिल्यांदा त्यांनीच काढला. हिंदी आम्हा लोकांकडून शिकले, त्यात अरबी मिसळायचे. मी इथे मराठीत सांगतो.

*

पहिलाच दिवस. सनद गावाहून एक म्हातारे हाजी आले. वडीलधारा माणूस, त्याला चालवायचं कसं? मी अदबीने व्हीलचेअरवर बसवलं आणि थेट आत नेलं.

डॉक्टरांनी त्यांना परत दारापाशी न्यायला लावलं आणि खुर्चीपर्यंत चालत आणवलं. चौदा पावलं. मग मला म्हणाले, "हसन, माझी अर्धी तपासणी तू ढकलत आणलीस."

*

त्यानंतर प्रत्येक पेशंट आत आला की मला विचारायचे, "काय पाहिलंस?"

एकदा नवीन शिकाऊ डॉक्टर आले होते. फाइल वाचून बरंच बोलले. साहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, पेशंटच्या डाव्या बुटाचं टोक तेवढं झिजलंय, पाय घासत असणार. साहेब वाकून बूट बघून आले.

शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले, "उद्यापासून फाइल हसनकडे द्या. त्याला वाचता येत नाही, म्हणून तो बघतो."

*

दुपारी ते माझ्या डब्यातलं बांगड्याचं सालन खायचे आणि घरच्या गोष्टी सांगायचे. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. उघडण्याआधी घड्याळ कानाला लावून बसायचे, गिऱ्हाईक कंटाळलं तरी. साहेब म्हणायचे, मी तेच करतो, फक्त माझी घड्याळं चालत येतात.

मी विचारलं, मग माणसाला स्वतःचं स्वतःला कळत नाही का?

"स्वतःला चालताना कोण बघतं? म्हणून तर दारात दुसरा माणूस लागतो."

*

एकदा आमच्याच तालुक्यातला एक फिटर आला. उजवा हात खिशातून काढेना. माझ्या कानात म्हणाला, "हसनभाई, हात कापतो ते सांगू नकोस. कंपनीला कळलं तर व्हिसा खलास."

मी साहेबांना सांगितलं, याला झोप येत नाही. साहेबांनी त्याला पाणी दिलं, ग्लास उजवीकडे धरला. हात बाहेर आला, पाणी सांडलं.

कंपवात होता. गोळ्या वेळेत सुरू झाल्या, म्हणून पुढे बरीच वर्षं तो कामावर टिकला. जाताना मला कोकम देऊन गेला.  साहेब मात्र तपासणीच्या दिवशी संध्याकाळी मला एवढंच म्हणाले, "तू गप्प राहिलास म्हणून हात थांबला का?"

*

आता तो टोचणारा.

साहेब जवळच बुसैतीनला राहायचे. सकाळी गाडीतून उतरून दारापर्यंत येताना मला दिसायचे. एके दिवशी पाहिलं, उजवा हात झोके घेतोय आणि डावा खुंटीवरच्या सदऱ्यासारखा नुसता लटकलाय. साहेब डावखुरे, मग चिठ्ठीवरचं अक्षरही बारीक होत गेलं. मला वाचता येत नाही, पण मुंग्या लहान झालेल्या कळतात.

सांगायचं कसं? मी दारातला माणूस, ते एवढे मोठे डॉक्टर. मोठ्याला त्याचं उणं दाखवू नये, असं आमच्याकडे शिकवतात. मी कोटाची बटणं लावून देऊ लागलो, चहाचा कप उजव्या हाताशी ठेवू लागलो. त्यांना वाटलं, हसन म्हातारपणी मायाळू झाला.

शेवटी पेशंटच्या गुडघ्यावर ठोकायची हातोडीच हातात राहीना, तेव्हा त्यांचं त्यांना कळलं. क्लिनिक बंद करायचं ठरलं.

शेवटच्या दिवशी मला म्हणाले, माझ्या खुर्चीत बस. मी बसलो. ते दारापाशी गेले आणि तिथून पेशंटच्या खुर्चीपर्यंत चालत आले. मी मोजली. बावीस पावलं.

"काय पाहिलंस?"

"डावा हात, साहेब."

"केव्हापासून?"

"दोन रमजान झाले."

त्यांनी टेबलाकडे बघितलं. त्यांचा चहा मी नेहमीसारखाच ठेवला होता.

"म्हणून कप उजवीकडे," ते म्हणाले.