काट्यावर पाय कुणाचा?

मन्मथअप्पा पहिल्यांदा माझ्या नांदेडच्या ऑफिसात आले, तेव्हा खुर्चीत बसण्याआधी त्यांनी माझ्या टेबलाला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. खाली वाकून पाहिलं, पडद्याआड डोकावले. मला वाटलं, चप्पल हरवली.

"काय शोधताय, अप्पा?"

"काही न्हाई सायब. सवय हाय. काट्यावर कुणाचा पाय हाय का ते आधी बघायचं. माप मग."

तीस वर्षं ते लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी होते. पोतं काट्यावर चढलं की अप्पा भोवती एक चक्कर मारत. कुणी हळूच अंगठा टेकवला असेल, तर त्या अंगठ्याकडे इतक्या प्रेमाने बघत, की तो आपोआप मागे जाई. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, मोंढा सुटला, आणि कुणीतरी त्यांना आमच्या संस्थेत पाठवलं.

आमचं काम ऐकून तुम्ही हसाल. अप्पाही हसले होते. आम्ही गावागावांतली लोकशाही मोजत होतो. घरोघर जायचं आणि विचारायचं: ग्रामसभेत मोकळेपणी बोलता येतं का? तक्रार केली तर त्रास होतो का? उत्तराला एक ते पाच गुण. बेरीज करून गावाला शंभरपैकी एक आकडा. चांगलं गाव नकाशावर हिरवं, वाईट गाव लाल.

"आन बारदान?" अप्पांनी विचारलं.

"कसलं बारदान?"

"रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतेत सायब, तवा मालाचं वजन कळतं. माणूस उत्तर देतो ते भीतीसकट देतो. ती कुठं वजा केली?"

मी म्हणालो, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही. अप्पांनी टोपी सारखी केली आणि घरोघर फॉर्म भरायच्या कामावर रुजू झाले.

नकाशा मी स्वतः रंगवला. काय दिसत होता! हदगावकडचं एक गाव लालभडक, औशाकडचं एक गाव पोपटासारखं हिरवं. मी तो भिंतीवर लावून दोन पावलं मागे सरलो, चित्रकार सरतात तसा. अप्पा पुढे गेले आणि लाल गावावर बोट ठेवलं.

"हे लाल कामून?"

"अहो, तिथल्या लोकांनी सरपंचाला पानभर शिव्या दिल्यात. तुम्हीच तर लिहून आणल्यात."

"दिल्या की. पार चावडीवर उभं राहून दिल्या, सरपंच समोर बसलेला. मंग शिव्या देऊन माणसं धड घरी गेली का न्हाई?"

"गेली असतील."

"जेवली, झोपली. मी बघून आलो. त्या गावाला लाल रंग देऊन राहिले तुम्ही!"

मी विषय बदलला. हिरव्या गावातला एक फॉर्म अर्धवट आला होता. सगळ्या घरांनी पाचपैकी पाच दिले होते. फक्त रुक्मिणबाई नावाच्या बाईच्या नावापुढे अप्पांनी काहीच लिहिलं नव्हतं.

"रिकामं चालत नाही, अप्पा."

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या गावात सरपंचाचा मेहुणा वाट दाखवायला म्हणून प्रत्येक घरी सोबत आला होता. रुक्मिणबाईने मोठ्याने सांगितलं, "पाच लिहा, लई चांगलं हाय." मेहुण्याचा फोन वाजला, तो अंगणात गेला. बाईने अप्पांना पाणी दिलं आणि तांब्या धरल्या धरल्याच पुटपुटली, "नळाचं इचारलं होतं ग्रामसभेत. तवापासून माझ्या दाराचं पाणी बंद हाय. पन तुमी पाचच लिहा, मामा. कमी लिहिलं तर इचारायला येतील."

आणि ते येणारच होते. कारण कुणी किती गुण दिले, तो घरवार तक्ता ग्रामपंचायतीत वाचून दाखवायचा, असा आमचा नियम होता. पारदर्शकता! ही अक्कल माझी.

"आता सांगा," अप्पा म्हणाले. "पाच लिहिलं तर खोटं. एक लिहिलं तर बाई उघडी. थप्पी उतरवा सायब."

मोंढ्यात मापाचा संशय आला, की मापाडी एकच पोतं बाजूला काढत नाही. काढलं तर त्या पोत्याच्या मालकाकडे सगळे बघतात. तो सगळी थप्पी उतरवायला लावतो आणि पहिल्यापासून मापतो. अप्पांना तेच हवं होतं, सगळं गाव पुन्हा. पण माझा अहवाल आठवड्यावर आला होता. ते गेल्यावर मी पेन उचललं आणि रुक्मिणबाईच्या नावापुढे पाच लिहिलं. पाचाला छान पोटही काढलं.

लातूरला कार्यक्रम झाला. हिरव्या गावाच्या सरपंचाला शाल, फेटा, टाळ्या. गावातल्या बायका टेम्पोतून आणल्या होत्या. रुक्मिणबाई दुसऱ्या रांगेत होती. पाहुण्यांनी हौसेने विचारलं, "गावकऱ्यांपैकी कुणाला बोलायचंय?" शेवटच्या रांगेत अप्पा उठले. रुक्मिणबाईने मागे वळून पाहिलं आणि मान हलवली, नाही, एवढंच. अप्पा क्षणभर तसेच उभे राहिले, मग खाली बसले.

चहाच्या वेळी ते माझ्यापाशी आले.

"ते पाच तुमच्या हातचं हाय ना?"

मी चहात बिस्कीट बुडवलं.

"आता माझा फॉर्म भरा. सभेत मला कुणी अडवलं का? न्हाई. कुणी धमकी दिली? न्हाई. गप बसलो का? बसलो. लिहा, मन्मथअप्पा, पाचपैकी पाच."

ते चिडून बोलले असते तर मी वाद घातला असता. ते नेहमीच्या आवाजात बोलले आणि बशी पुसून जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी थप्पी उतरवली. जिथे जिथे गावचा माणूस घरोघर सोबत फिरला होता, ती सगळी गावं नकाशावरून काढली आणि खाली लिहिलं: माप झालेलं नाही. एका बाईकडे कुणाचं बोट जाऊ नये, म्हणून कितीतरी गावं कोरी ठेवावी लागली. घरवार वाचन बंद केलं. वरून जे ऐकून घ्यावं लागलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या वर्षी अप्पा त्या गावात एकटेच गेले. परत आले ते काठी आपटत, हसत.

"रुक्मिणबाईनं दोन दिले! मी म्हनलं, बाई, हळू बोला. तर म्हनती, हळू कामून, आता आमी सात जणी मिळून जातो ग्रामसभेला. पानी अजून आलं न्हाई, म्हनून दोनच." ते खुर्चीत टेकले. "गाव सुधरून राहिलं, सायब."

ते त्यांचं शेवटचं माप. नवा नकाशा छापून येण्याआधीच अप्पा गेले. लातूरला त्यांना लिंगायत रीतीने मांडी घालून बसवलं होतं, कपाळभर विभूती. मी दर्शनाला पुढे झालो आणि पाया पडण्याआधी, का कोण जाणे, त्यांच्याभोवती एक चक्कर मारली. लोकांना वाटलं, प्रदक्षिणा.

नकाशा आला तेव्हा औशाकडचं ते गाव पार खाली उतरलं होतं. दुपारीच सरपंचाचा फोन आला. आमचं नाव घालवलं, तुमचे आकडे खोटे, तुम्ही खोटे, तुमची संस्था खोटी! पाऊण तास ते बोलत होते. त्यांचं संपल्यावर मी विचारलं, "रुक्मिणबाईंचा नळ?"



"कालच जोडला," ते म्हणाले. "सात बाया दारात येऊन बसल्या होत्या."