वाटीतले शून्य

प्रथम तारखा आणि जबाबदार व्यक्ती. भावना नंतर.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधला शेवटचा रविवार: आमच्या पेठेतल्या मंडळाचा गुणगौरव समारंभ. जबाबदार, त्या दिवशीचे प्रमुख वक्ते, जे स्वतःला करिअर मार्गदर्शक म्हणवतात. लगेच पुढचा सोमवार: माझ्या नातीचे नाव महाविद्यालयातून काढण्याचा घरात मांडलेला प्रस्ताव. जबाबदार, माझा थोरला मुलगा, म्हणजे मुलीचा बाप, जो आजही माझ्याच शेजारी बसून जेवतो. त्यानंतरचा संपूर्ण जुलै: महाविद्यालयातल्या संगणकाच्या प्रयोगशाळेला कुलूप. जबाबदार, ज्यांच्या खिशात किल्ली होती ते.

मी न्यायालयात बेंच क्लार्क होतो. सारी नोकरी साक्षी-पुराव्यांच्या कागदांत गेली. आरोप करायचा तर दिवस, ठिकाण आणि कृत्य सांगावे लागते, हे मला वेगळे शिकवायला नको. नावे येथे देत नाही. ती ज्यांची त्यांना ठाऊक आहेत.

त्या रविवारी नातीला कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षात प्रथम श्रेणी मिळाल्याबद्दल वक्त्यांच्याच हस्ते नारळ आणि गुलाबपुष्प मिळाले. ती जागेवर येऊन बसते न बसते तोच, खांद्यावरची मंडळाची शाल सावरत, वक्ते माइकवर गरजले, "कॉम्प्युटर सायन्स संपलं! आता प्रोग्रॅम मशीनच लिहितंय. साध्या कॉलेजात तीन वर्षं घालवून ह्या पोरी घरातच बसणार की!"

टाळ्या पडल्या. नात दुसऱ्या रांगेत मांडीवर नारळ घेऊन बसली होती. तिने टाळी वाजवली नाही. मीही नाही.

सोमवारी सकाळी मुलाने विषय काढला. "आबा, एवढा मोठा माणूस खोटं बोलंल व्हय? फार्मसीला घालूया तिला. गल्लीत औषधाचं दुकान तरी टाकंल."

"त्यांनी पुरावा काय दिला?"

"पुरावा कशाला लागतोय? टाळ्या पडल्या की!"

"टाळ्यांना पुरावा म्हणत नाहीत."

"तुमचं कोर्ट सुटलं, आबा. तुम्ही तेवढं अजून सुटला न्हाईसा!"

माझ्या वडिलांनी पाठीवर पोती वाहून मला शिकवले. स्वतःला अक्षर ओळखता येत नसताना दारासमोरच्या भिंतीवर त्यांनी संविधानाची उद्देशिका लावून घेतली आणि ती रोज सकाळी माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली. त्या भिंतीखाली बसून शिक्षण अर्धवट तोडण्याचा निर्णय होऊ देणे मला शक्य नव्हते. अखेर समझोता झाला. नात पदवी पूर्ण करील. पण तिसरे वर्ष संपेपर्यंत नोकरी हाती आली नाही, तर पुढे बाप ठरवील ते होईल आणि मी एक शब्दही काढणार नाही. मी एक शब्दही काढणार नाही, ही शिक्षा घरातल्या सर्वांना फारच आवडली.

आमच्याच गल्लीतल्या, तिच्याच वर्गातल्या आणखी दोन मुली होत्या. त्याच आठवड्यात त्यांची नावे काढली गेली. त्यांच्या घरी पुरावा मागणारे कोणी नव्हते.

कुलपाबाबत मी प्राचार्यांना पत्र लिहिले. माहितीपुस्तिकेत प्रयोगशाळा छापली आहे, ती छापील आहे की प्रत्यक्ष, एवढाच प्रश्न विचारला. उत्तर आले नाही. कुलूप मात्र निघाले. तरीही संगणक थोडे आणि विद्यार्थी फार. तेव्हा वर्गावरच्या शिक्षिकेने मुलांना एक सवय लावली: प्रोग्रॅम कागदावर लिहायचा आणि मशीन जसे एकेक ओळ पाळील, तशी प्रत्येक ओळ हाताने चालवून बघायची. मुले कुरकुरली. मोबाईलवर प्रोग्रॅम चालवता येतो, मग हा उपद्व्याप कशाला? बाई बधल्या नाहीत. आज मी त्यांना मनोमन नमस्कार करतो.

नात घरी येऊन म्हणाली, "आबा, तुम्ही मशीन व्हा."

दुपारची जेवणे झाली की जमिनीवर वाट्या मांडल्या जायच्या. वाटी म्हणजे आकडा ठेवण्याची जागा, शेंगदाणे म्हणजे आकडे. ती ओळ वाचायची, मी पाळायचो. लिहिले असेल तेवढेच करायचे, मनातले ओळखायचे नाही, हा नियम. याहून सोयीचे काम मला आयुष्यात मिळालेले नाही.

"आता तो आकडा पुढच्या वाटीत टाका."

"तो म्हणजे कोणता? वर दोन आकडे आले आहेत."

"आबा, समजून घ्या की!"

"मशीन समजून घेते का?"

स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं मी हेच सोसतीया, बाळ. आता तू सोस."

एके दिवशी ओळीने दिलेल्या आकड्यांतला सर्वांत मोठा शोधायचा होता. तिची पहिली ओळ होती: वाटीत शून्य ठेवा. मी हात मागे घेतला.

"शून्य कोणी दिले?"

"कुणी न्हाय. सुरुवात म्हणून ठेवायचं. सगळे तसंच करतात."

"जो साक्षीदार न्यायालयात आलाच नाही, त्याची साक्ष मी नोंदवणार नाही."

"आबा, शेंगदाणे शून्यापेक्षा कमी असतात का कधी?"

"तो मुद्दा वेगळा. पुराव्यात नसलेला आकडा वाटीत जाणार नाही."

ती चिडली, रुसली आणि शेवटी ओळ बदलली: दिलेल्या आकड्यांपैकी पहिलाच वाटीत ठेवा.

यंदाच्या फेब्रुवारीत, तिसऱ्या वर्षात, कागलच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने तिला मुलाखतीला बोलावले. शीतगृहांसाठी प्रोग्रॅम तयार करणारी कंपनी. मी सोबत गेलो. माझ्या काखेतली फाइल बघून फाटकावरच्या रखवालदाराने विचारले, "पावणं, वकील हाय काय तुम्ही?"

"आजोबा आहे."

"मग बसा की सावलीला. वकील असतासा तर उन्हात उभं केलं असतं!"

आत काय झाले ते नातीने नंतर सांगितले. सर्वांना एकच प्रोग्रॅम दिला होता, मशीनने लिहिलेला. शीतगृहाच्या खोलीतले दिवसभराचे सर्वाधिक तापमान शोधणारा तो प्रोग्रॅम बरोबर की चूक, ते सांगायचे. बाकीच्यांनी तो चालवून पाहिला. सोबत दिलेले आकडे दुधाच्या खोलीचे, शून्याच्या वरचे होते. उत्तर अचूक आले, त्यांनी 'बरोबर' लिहिले. नातीने कागद ओढला आणि पहिल्याच ओळीवर थांबली. तिथे शून्य बसलेले होते.

तिने लिहिले: या खोलीत आइस्क्रीम ठेवले तर सगळे आकडे शून्याच्या खाली असतील. एकही आकडा शून्याहून मोठा ठरणार नाही आणि उत्तर कायम शून्यच येईल. हे शून्य कोणत्याही तापमापीने दिलेले नाही.

"हे कुणी शिकवलं?" मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी विचारले.

"पद्धत कॉलेजची," ती म्हणाली, "हट्ट आमच्या आबांचा."

नोकरीचा कागद घरी आला त्या दिवशी मुलगा भडंगाचा पुडा घेऊन आला आणि माझ्यापुढे बसला. "आबा, जिंकलासा."

मी त्याला रीतसर दोषमुक्त केले. भडंग वाटीतच वाढले गेले.

मशीन प्रोग्रॅम लिहिते, हे मला मान्य आहे. म्हणूनच तिने दिलेली साक्ष उलटतपासणीशिवाय ग्राह्य धरता येत नाही, आणि ती उलटतपासणी घ्यायला माणूस शिकलेला लागतो. साध्या महाविद्यालयातल्या त्या तीन वर्षांची किंमत ही आहे. माझी नात दर सोमवारी सकाळी कागलची बस पकडायला निघते, तेव्हा ती किंमत मला रस्त्यावरून चालत जाताना दिसते.

पण त्या दोन मुलींपैकी एक आज साडीच्या दुकानात घड्या घालते. काम प्रामाणिक आहे. तिने निवडलेले नाही. दुसरी मला पाहिले की रस्ता बदलते.

यंदाच्या गुणगौरव समारंभाची पत्रिका हाती आली आहे. प्रमुख वक्ते तेच. मी त्यांना तीन पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर नाही. म्हणून आता जाहीर मागणी करतो. त्या दोघी पहिल्या रांगेत बसतील. त्यांना घेऊन यायची जबाबदारी माझी. वक्त्यांनी त्याच व्यासपीठावर, त्याच माइकवर, टाळ्या पडण्यापूर्वी सांगावे: या मुलींचे शिक्षण आपण कोणत्या पुराव्यावर संपवलेत?

लेखी उत्तर आता चालणार नाही.